मोटारसायकलस्वाराचे बूट : माप, मजबुती आणि निवड

भारतातील कोट्यवधी कुटुंबांसाठी दुचाकी हे रोजचे वाहन आहे. ते विकत घेताना इंजिनाची क्षमता, इंधनाचा खप आणि किंमत यांचा बारकाईने विचार होतो. हेल्मेटविषयीही पूर्वीपेक्षा जागरूकता वाढली आहे. पायात काय घालावे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. दाराशी जी चप्पल किंवा जो बूट हाताशी लागेल, तो घालून प्रवास सुरू होतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. त्यांपैकी ७४,८९७ म्हणजे सुमारे ४४.५ टक्के व्यक्ती दुचाकीवरील होत्या. प्राण वाचविण्यात हेल्मेटचा वाटा मोठा आहे, हे सर्वमान्य आहे. पाऊल किंवा घोट्याची दुखापत बहुधा जिवावर बेतत नाही. परंतु चालणे, उभे राहणे आणि पर्यायाने रोजगार यांवर तिचा परिणाम दीर्घकाळ राहू शकतो. मानवी पावलात २६ हाडे असतात आणि ती एकदा विस्थापित झाली की पूर्ववत बसविणे सोपे नसते.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीवरून जाताना हेल्मेट वापरणे बंधनकारक आहे. दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी आयएस ४१५१ हे भारतीय मानक असून १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह नसलेल्या हेल्मेटच्या विक्रीस मनाई करण्यात आली आहे. पादत्राणांबाबत केंद्रीय कायद्यात अशी तरतूद नाही. २०१९ मध्ये सुधारित मोटार वाहन कायदा लागू झाल्यानंतर चप्पल घालून दुचाकी चालविल्यास दंड होतो, अशी अफवा पसरली होती. त्या वेळी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांच्या कार्यालयाने अशा दंडाची कोणतीही तरतूद नसल्याचे स्पष्ट केले होते.

याचा अर्थ असा की, डोक्याच्या संरक्षणाची किमान पातळी कायद्याने ठरवून दिली आहे. पायांच्या बाबतीत तो निर्णय सर्वस्वी वाहनचालकाचा आहे. म्हणूनच बूट निवडताना काय पाहावे, याची माहिती ग्राहकाला असणे अधिक महत्त्वाचे ठरते.

बुटाकडून कोणती अपेक्षा ठेवावी

दुचाकी घसरून पडते तेव्हा पायावर एकाच वेळी अनेक प्रकारचे आघात होतात. दीडशे ते दोनशे किलो वजनाचे वाहन पावलावर आडवे पडू शकते. फूटरेस्ट आणि रस्ता यांच्या कैचीत घोटा सापडून पिळवटला जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे साडेसोळा मीटर अंतर कापते. तेवढे अंतर डांबरावरून घासत जाताना साधे कापड किंवा जाळीदार खेळाचे बूट टिकाव धरत नाहीत. याशिवाय तापलेल्या सायलेन्सरचा चटका, उसळलेले खडे आणि किकवर चालू होणाऱ्या जुन्या वाहनांत उलट फिरलेल्या किकचा नडगीवर बसणारा फटका, हे धोकेही असतात.

त्यामुळे चांगल्या बुटात चार गुण आवश्यक मानले जातात. तो घोट्याच्या वरपर्यंत आलेला असावा. घोट्याच्या दोन्ही बाजूंना, टाचेभोवती आणि बोटांवर त्याला कडक संरक्षक भाग असावेत. त्याचा तळ आडव्या दाबाखाली चेपणारा नसावा. आणि तो अपघातात पायातून निसटणारा नसावा. शेवटचा गुण बुटाच्या किमतीवर नव्हे, तर मापावर अवलंबून असतो. उत्तम साहित्याचा परंतु सैल बूट पडताक्षणी निघून गेला, तर पाऊल उघडेच राहते. उलट, बोचणारा बूट पहिल्या आठवड्यानंतर कपाटात जातो आणि वाहनचालक पुन्हा चपलेकडे वळतो. योग्य माप हा केवळ आरामाचा नव्हे, तर सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

मापाचा क्रमांक आणि भारतीय पाऊल

बुटावरील क्रमांक हे पावलाचे अचूक माप नसते. भारतात प्रचलित असलेली ब्रिटिश क्रमांकपद्धती इंचाच्या एक तृतीयांश भागावर आधारित आहे. म्हणजे तिच्यात एका क्रमांकाने लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढते. युरोपीय पद्धतीत हा फरक सेंटिमीटरच्या दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे पावणेसात मिलिमीटर असतो. अमेरिकी क्रमांक ब्रिटिश क्रमांकाशी जुळत नाहीत. या पद्धतींचे परस्परांत रूपांतर करताना अर्ध्या क्रमांकाचा फरक सहज पडतो. त्यामुळे परदेशी बनावटीचे किंवा निर्यातीसाठी तयार झालेले बूट घेताना केवळ क्रमांकावर विसंबू नये. उत्पादकाच्या तक्त्यात पावलाची लांबी मिलिमीटर किंवा सेंटिमीटरमध्ये दिलेली असल्यास तिचाच आधार घ्यावा.

लांबीपेक्षाही रुंदीचा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशाच्या विविध भागांतील एक लाखाहून अधिक व्यक्तींच्या पावलांची मापे त्रिमितीय स्कॅनरच्या साहाय्याने घेतली. भारतीयांची पावले सर्वसाधारणपणे युरोपीय व अमेरिकी लोकांच्या पावलांपेक्षा अधिक रुंद असल्याचे या पाहणीत आढळले. या पाहणीच्या आधारे ‘भा’ या नावाने भारतीय पादत्राणांसाठी स्वतंत्र मापपद्धती प्रस्तावित करण्यात आली.

बूट ज्या साच्यावर घडविला जातो त्या कलबुताची रुंदी परदेशी पावलाची असेल, तर भारतीय ग्राहकाचा चवडा त्यात आवळला जातो. अशा वेळी विक्रेता बहुधा एक क्रमांक मोठा बूट देतो. त्यामुळे चवड्याला जागा मिळते, परंतु बूट लांबीला जास्त होतो, टाच आत वरखाली होते आणि घोट्याचे संरक्षक भाग घोट्यावर न बसता सरकतात. हा उपाय टाळावा. त्याऐवजी रुंद कलबुतावर बेतलेले दुसरे उत्पादन शोधणे श्रेयस्कर ठरते. महिलांच्या बाबतीत अडचण उलट असते. पुरुषांच्या मापाचा बूट लांबीला योग्य असला, तरी टाचेशी सैल व पोटरीशी घट्ट होऊ शकतो. म्हणून महिलांसाठी स्वतंत्रपणे घडविलेले बूट उपलब्ध असल्यास ते प्रथम पाहावेत.

पावलाचे माप घरी कसे घ्यावे

जमिनीवर कागद ठेवून त्याची कड भिंतीला लावावी. टाच भिंतीला टेकवून आणि शरीराचे पूर्ण वजन त्या पायावर देऊन उभे राहावे. सर्वांत पुढे आलेल्या बोटापाशी खूण करावी. काहींच्या पावलात अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्यापेक्षा लांब असते, हे लक्षात घ्यावे. त्यानंतर चवड्याच्या सर्वांत रुंद भागाच्या दोन्ही बाजूंना खुणा करून अंतर मोजावे. दोन्ही पायांची मापे घ्यावीत, कारण ती क्वचितच तंतोतंत सारखी असतात. मोठ्या पावलाचे माप प्रमाण मानावे. उंच बुटासाठी पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेरही मोजून ठेवावा.

दिवसभराच्या हालचालीनंतर पावले किंचित सुजतात. त्यामुळे माप घेणे आणि बूट घालून पाहणे, या दोन्हींसाठी सायंकाळची वेळ योग्य असते. प्रवासात जे पायमोजे वापरायचे असतील, तेच घालून दुकानात जावे.

दुकानात घालून पाहताना

दोन्ही बूट घालून, सर्व पट्टे व बक्कल लावून पंधरा-वीस मिनिटे वावरावे. उभे असताना सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर मोकळी जागा असावी. उतारावर उभे राहिल्यास किंवा पाऊल पुढे दाबल्यास बोटे समोर आपटू नयेत. चवडा घट्ट पण न दुखणारा असावा. चामडे वापराने रुंदीत थोडे सैलावते, लांबीत मात्र वाढत नाही. त्यामुळे ‘घालून घालून लांब होईल’ या आश्वासनावर विश्वास ठेवू नये. नवा, कडक बूट चालताना टाचेशी किंचित हलणे स्वाभाविक आहे. प्रत्येक पावलागणिक टाच स्पष्टपणे उचलली जात असेल, तर तो बूट मापाचा नाही.

यानंतरची चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे. बूट पूर्ण बांधलेला असताना दुसऱ्या व्यक्तीला टाच धरून तो ओढावयास सांगावे. बांधलेला बूट तसाच निघून आला, तर तो अपघातातही निघून येईल. तसेच घोट्याचे संरक्षक भाग हाडाच्या उंचवट्यावर बरोबर बसतात की नाही, हे हाताने चाचपून पाहावे.

बूट चालण्यासाठी योग्य असला, तरी वाहन चालविण्यासाठी योग्य असेलच असे नाही. शक्य असल्यास तो घालून स्वतःच्या दुचाकीवर बसून पाहावे. भारतात सध्या विकल्या जाणाऱ्या मोटारसायकलींत गिअर डाव्या आणि मागचा ब्रेक उजव्या पायाने चालतो. डाव्या बुटाचा पुढचा भाग गिअरच्या दांड्याखाली अडचणीशिवाय शिरला पाहिजे. रोजच्या वापराच्या अनेक मोटारसायकलींत बोटांनी आणि टाचेने दाबावयाचा दुहेरी दांडा असतो. त्याच्या दोन टोकांमध्ये जाड तळाचा बूट अडकतो. दांड्याची उंची मेकॅनिककडून थोडी कमी-जास्त करून घेता येते. परंतु बुटातून गिअर आणि ब्रेक यांचा अंदाजच येत नसेल, तर तो बूट त्या वाहनासाठी योग्य नाही. मातीतील शर्यतींसाठी तयार केलेल्या अतिशय कडक बुटांबाबत शहरी वाहनचालकांना हाच अनुभव येतो.

टिकाऊपणा कशावरून ओळखावा

चामड्याच्या बाह्य थराचे तंतू सर्वांत घट्ट विणलेले असतात. तो थर कायम ठेवलेल्या चामड्याला ‘फुल-ग्रेन’ म्हणतात. घर्षण व ओलावा यांना ते अधिक काळ तोंड देते. आतील थर वेगळा करून तयार केलेले ‘स्प्लिट’ चामडे स्वस्त असते. त्यावर प्लॅस्टिकचा लेप देऊन ते गुळगुळीत केले जाते. असा लेप काही काळाने वाकणाऱ्या जागी तडकतो. बुटाचा वरचा भाग बोटाने दाबून वाकविल्यास अस्सल चामड्यावर बारीक, नैसर्गिक सुरकुत्या पडतात. कृत्रिम तंतूंचे दर्जेदार बूटही टिकाऊ असतात आणि वजनाला हलके असतात. मात्र त्यांची घर्षणचाचणी झाली आहे किंवा नाही, हे पाहणे आवश्यक ठरते.

शिवण हे बुटाचे मर्मस्थान होय. घासण्याची शक्यता असलेल्या जागी दुहेरी किंवा तिहेरी शिवण असावी आणि टाक्यांची ओळ समान अंतराची असावी. दोरा सुटलेला, टाका ताणलेला किंवा चामड्याची कड उसवलेली दिसल्यास दुसरा जोड मागावा. डाव्या बुटावर, गिअरचा दांडा जेथे घासतो तेथे, चामड्याचा किंवा रबराचा जादा थर असावा. तो नसल्यास इतर बूट शाबूत असताना तेवढीच जागा झिजून भोक पडते.

तळ जोडण्याच्या पद्धतीवर बुटाचे आयुष्य अवलंबून असते. केवळ चिकटवलेला तळ उष्णतेने व पाण्याने सुटू शकतो. साच्यात ओतून जोडलेला तळ मजबूत असतो, पण झिजल्यावर तो बदलणे कठीण असते. वेल्ट पद्धतीत चामड्याची एक पट्टी मध्ये शिवून तिला तळ जोडलेला असतो. असा तळ कुशल चर्मकार बदलून देऊ शकतो. तळासाठी रबर उत्तम. पेट्रोल पंपावरील तेलकट फरशीवर आणि ओल्या रस्त्यावर पाय टेकताना तळाची पकड निर्णायक ठरते. पॉलियुरेथेनचा तळ हलका असतो, परंतु हवेतील ओलाव्याने त्याचे हळूहळू विघटन होते. न वापरता ठेवून दिलेल्या बुटाचा असा तळ काही वर्षांनी भुसभुशीत होऊन गळून पडू शकतो. त्यामुळे सवलतीत मिळणारा जुना साठा घेताना उत्पादनाचा महिना व वर्ष छापलेले असल्यास ते अवश्य पाहावे.

बंद करण्याची व्यवस्थाही तपासावी. लोंबणाऱ्या नाड्या गिअरच्या दांड्यात किंवा फूटरेस्टमध्ये अडकून वाहन थांबवताना तोल जाण्याचा धोका असतो. नाड्यांवर झाकण असावे किंवा त्या आत खोचता याव्यात. चेन पायाच्या आतील बाजूस आणि तिच्यावर पट्टी असलेली असावी. बक्कल एकेकटे बदलता येण्याजोगे असल्यास बूट अधिक वर्षे वापरता येतो.

अखेरीस, बूट हातात घेऊन त्याचा तळ ओले कापड पिळावे तसा पिळून पाहावा आणि दोन्ही बाजूंनी आत दाबून पाहावा. जो हाताने सहज पिळवटतो किंवा चेपतो, तो वाहनाच्या वजनाखाली पावलाला आधार देऊ शकणार नाही.

लेबलवरील आकड्यांचा अर्थ

मोटारसायकलस्वारांच्या संरक्षक पादत्राणांसाठी युरोपात ईएन १३६३४ हे मानक आहे. भारतात मिळणाऱ्या अनेक बुटांवरही त्याचा उल्लेख आढळतो. या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीनुसार बुटातील लेबलवर मोटारसायकलस्वाराचे चित्र आणि त्याखाली चार आकडे असतात. प्रत्येक आकडा १ किंवा २ असतो. २ ही वरची पातळी होय. पहिला आकडा बुटाची उंची, दुसरा घर्षणास होणारा प्रतिकार, तिसरा धारदार पात्याच्या आघातास होणारा प्रतिकार आणि चौथा तळाचा आडव्या दाबास होणारा प्रतिकार दर्शवितो. चौथा आकडा पावलावर वाहन पडण्याच्या शक्यतेशी संबंधित असल्याने त्याकडे विशेष लक्ष द्यावे.

आकड्यांसोबत काही अक्षरेही असू शकतात. ‘आयपीए’ म्हणजे घोट्याच्या आणि ‘आयपीएस’ म्हणजे नडगीच्या संरक्षणाची अतिरिक्त चाचणी. ‘डब्ल्यूआर’ ही अक्षरे पाण्यास प्रतिकार आणि ‘एफओ’ ही अक्षरे तळाचा इंधन-तेलास प्रतिकार सूचित करतात. या चाचण्या ऐच्छिक आहेत. त्यामुळे ‘आयपीए’ नसलेल्या बुटात घोट्याचे संरक्षण दिसत असले, तरी त्याची या मानकानुसार चाचणी झाली आहे असे गृहीत धरता येत नाही. केवळ ‘सीई’ अक्षरे छापलेली असणे पुरेसे नाही. मानकाचा क्रमांक व चारही आकडे पाहूनच खात्री करावी.

कारखान्यांतील सुरक्षा बूट अनेक जण दुचाकीसाठी वापरतात. आयएस १५२९८ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागानुसार सुरक्षा पादत्राणांची बोटांवरील टोपी २०० ज्यूल ऊर्जेचा आघात सहन करणारी असावी लागते. हे बूट चपलेपेक्षा निश्चितच सुरक्षित आहेत. मात्र त्यांची रचना कारखान्यातील धोक्यांसाठी असते. रस्त्यावर घासत जाणे किंवा घोटा पिळवटणे, यांचा विचार त्यांत केलेला नसतो.

प्रदेश आणि ऋतू

एकच बूट देशाच्या सर्व भागांत सारखाच उपयुक्त ठरत नाही. उत्तर भारतातील उन्हाळ्यात किंवा राजस्थानात हवा खेळती ठेवणारे, छिद्रे असलेले बूट सुसह्य असतात. सोसत नाही म्हणून घरी राहिलेला जलरोधक बूट कोणाचेच रक्षण करीत नाही. कोकण, गोवा आणि केरळ येथील पावसाळ्यात जलरोधक पडद्याचे बूट उपयोगी पडतात. त्यावर पावसाळी विजार बुटाच्या बाहेरून घ्यावी, अन्यथा पाणी वरून आत उतरते. रबरी गमबुटांत पाय कोरडा राहतो, पण घोट्याला कोणताही आधार मिळत नाही.

मनाली-लेह मार्गावर बर्फ वितळू लागल्याने दुपारनंतर नाल्यांचे पाणी वाढते. ते बुटाच्या काठावरून आत शिरल्यास जलरोधक पडदा तेच पाणी आत कोंडून ठेवतो. अशा प्रवासासाठी पोटरीपर्यंतचे उंच बूट आणि कोरड्या पायमोज्यांचे जादा जोड आवश्यक असतात. थंडीत दोन-दोन पायमोजे घालून बूट आवळण्याची सवयही योग्य नाही. घट्ट बुटात रक्ताभिसरण मंदावते आणि पाऊल अधिकच गार पडते.

निगा आणि खर्च

भिजलेले बूट शेगडीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नयेत. चामडे आखडते आणि चिकटवलेले सांधे सुटतात. आतला सुटा तळ काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून ते सावलीत वाऱ्यावर ठेवावेत. चामडे कोरडे झाल्यावर त्यास योग्य मलम लावावे. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या बुटांना बुरशी लागते, म्हणून ते अधूनमधून बाहेर काढावेत. अपघातानंतर शिवण, तळ आणि टाचेचा कडक भाग तपासावा. यांपैकी काही तडकले असल्यास बाहेरून चांगला दिसणारा बूटही बदलावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांच्या जोडावर ५ टक्के आणि त्यावरील जोडावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारण्यात येतो. मोटारसायकलसाठी खास तयार केलेले बूट बहुधा दुसऱ्या गटात मोडतात आणि ते प्रत्येकाला परवडतीलच असे नाही. अशा वेळी घोटा झाकणारा, टाचेशी कडक, नाड्या आत खोचता येणारा आणि पायाला नेमका बसणारा चामड्याचा साधा बूट हा पहिला टप्पा मानता येईल. महागडा बूट केवळ लांबच्या सहलीसाठी राखून ठेवून रोज चपलेवर प्रवास करण्यापेक्षा, रोज पायात राहणारा साधा बूट अधिक उपयोगाचा आहे. दुधाच्या पिशवीसाठी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातानाही फूटरेस्ट, सायलेन्सर आणि डांबर तेच असते.